विहिरीच्या काठावर कोण होतं?

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही!" हे वाक्य म्हणायला पूर्वी माणसाला निदान साठी तरी गाठावी लागे. आता पस्तिशीतल्या आम्ही बायकाच ते सर्रास म्हणू लागलो आहोत. भिशी असो, हळदीकुंकू असो, नाहीतर शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट पाहत उभं राहणं असो, विषय मुलांचा निघाला की गाडी इथंच येते. आम्ही कशा उन्हातान्हात हुंदडायचो, चिंचेवर चढायचो, गुडघा फुटला तर त्यावर माती दाबायचो, दिवेलागणीला घरी उगवायचो आणि "कुठं होतीस गं?" असं कुणी विचारायचंसुद्धा नाही! आणि आमची मुलं पाहा. व्हॅन दाराशी येते, दाराशीच सोडते. खाली खेळायला गेली तरी गॅलरीतून दर पाच मिनिटांनी हाक. पडशील, लागेल, उन्हात नको, चिखलात नको, कुत्र्याला हात लावू नको. मग सगळ्याजणींचा मिळून एक सुस्कारा, आणि पोह्यांची दुसरी बशी.

हा सुस्कारा मलाही येतो. पण त्यात खरं किती आणि आठवणीनं गोड केलेलं किती, हे तांदूळ निवडतो तसं एकदा निवडून पाहावं असं बरेच दिवस मनात होतं. झाडं, सायकली, पतंग, विटीदांडू असं सगळंच घेतलं तर पसारा होईल. म्हणून एकच गोष्ट घेते, जी मला चांगली ठाऊक आहे आणि जिच्यात जिवाचाच प्रश्न आहे : पोहणं.

माझं माहेर कृष्णाकाठच्या एका खेड्यात. गाव नदीचं, पण पोहायला शिकायचं ते मात्र विहिरीत. याला कारण होतं. नदीला ओढ असते, तळ आज इथं तर उद्या तिथं, डोह कुठं झालाय ते वरून कळत नाही. विहिरीचं पाणी जागेवर असतं. चहूबाजूंनी दगडी बांधकाम, उतरायला पायऱ्या, धरायला मोटरीचा पाइप. शिकण्याचा मोसम म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. कोकणातल्या मैत्रिणी सांगतात की त्यांच्या विहिरी पावसाळ्यात काठोकाठ भरतात आणि पोरं तेव्हाच शिकतात. आमच्या देशावर गढूळ पाण्यात कोण उतरणार! एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलेलं, निवळ झालेलं, आणि बाहेर अंगाची लाही. तेव्हाच विहीर बरी वाटे.

शिकवायचे आमचे थोरले चुलते. त्यांना सगळा वाडा आबा म्हणायचा. कमरेला दोर आणि पाठीवर डबा बांधून ते पोराला पाण्यात उतरवत. डबा म्हणजे गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, तोंडाला डाग देऊन पक्का बंद केलेला. त्यांच्या लहानपणी वाळक्या भोपळ्यांची सांगड असे. काही गावांत पांगाऱ्याचं हलकं लाकूड पाठीला बांधत. आमच्या मागून आलेल्यांना ट्रकची ट्यूब मिळाली. वस्तू बदलली तरी रीत तीच राहिली. पहिले दोन दिवस पायरीवर बसून नुसते पाय मारायचे. तिसऱ्या दिवशी डबा बांधून पाण्यात, दोर आबांच्या हातात. तो ते बोटाबोटानं सैल सोडत. आठवड्यानं मोठा डबा जाऊन धाकटा यायचा, मग एके दिवशी डबा नाहीच, नुसता दोर. पुढं दोरही गेला, तरी आबा पायरीवर धोतर खोचून उभेच. पंधरा-वीस दिवसांत पोर विहिरीला चार फेऱ्या मारू लागे. मग उड्या : आधी मुटका, नंतर सूर. शेवटची परीक्षा म्हणजे तळाशी बुडी मारून मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. तो गाळ आणला की त्या दिवशी पोराला घरी जरा जास्तीचं दूध मिळायचं.

नियम पुष्कळ होते बरं का! एकट्यानं विहिरीवर जायचं नाही. मोटर चालू असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही, कारण पाण्यात वीज उतरून माणसं गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याला ढकलायचं नाही, ढकललं त्याची आठ दिवस विहीर बंद. आणि पावसाळ्यात नदीकडे फिरकायचं नाही, मग तुला पोहता येवो की न येवो. याच्या जोडीला आसरा होत्याच. साती आसरा पाण्यात राहतात, भर दुपारी एकटं पोर दिसलं की ओढून नेतात, असं आजी सांगायची. विहिरीच्या कडेला त्यांना हळदकुंकू वाहिलेलं दिसायचं. आता मी मुलांना शाळेत शिकवते म्हणून सांगायला हवं की आसरा वगैरे काही नसतं. पण भर दुपारी एकट्या पोराला विहिरीपासून लांब ठेवायला त्याहून मजबूत कुंपण आमच्या गावात दुसरं नव्हतं.

तर सांगायचं काय, की ज्याला आम्ही मोकळेपणा म्हणतो त्यात मोकळं सोडून देणं फार कमी होतं. आई विचारायची नाही हे खरं. कारण तिला विचारावं लागत नसे! विहिरीवर आबा होते. वाटेवर चावडीसमोर चार म्हातारे बसलेले. कोपऱ्यावरच्या दुकानातून हाक यायची, "तू धाकट्या मालकांची ना गं? मग या वेळेला इकडं कुठं?" मळ्यात खुरपणाऱ्या बायका मान वर करून पाहायच्या. आपण कुठं गेलो, कुणाबरोबर गेलो, कोणत्या झाडावरून पडलो ही बातमी आपल्याआधी घरी पोचायची. तेव्हा राग यायचा. आज कळतं की एका आईचं काम पंधरा-वीस माणसांनी वाटून घेतलं होतं, आणि तेही कुणी न सांगता.

'श्यामची आई'मधली पोहण्याची गोष्ट पुष्कळजणींना आठवत असेल. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी लिहिलेलं हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झालं. अत्र्यांचा सिनेमा १९५३चा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो, आणि एवढी मायाळू आई त्याला मारून पोहायला धाडते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून. शाळेत असताना मला ती आई कठोर वाटली होती. स्वतः आई झाल्यावर वाटलं, काय धीराची बाई! अलीकडे पुन्हा वाचताना तिसरीच गोष्ट ध्यानात आली. ती मारू शकली, कारण विहिरीवर शिकवणारी, पोरं सांभाळणारी माणसं होती. तिनं श्यामला एकट्याला पाण्यात लोटलं नव्हतं, माणसांच्या हवाली केलं होतं. आजच्या आईनं तसाच धीर करून मुलाला घराबाहेर काढलं तर ती त्याला कुणाच्या हवाली करणार? फाटकावरच्या वॉचमनच्या, आणि भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या.

आता या गोड आठवणींमधून जे गाळलं जातं त्याबद्दल.

माझ्या आईला दोन भाऊ, असं आम्ही लहानपणी समजत होतो. खरे ते तीन होते. मधला नऊ वर्षांचा असताना गेला, १९७१च्या उन्हाळ्यात, मळ्यातल्या विहिरीत. बरोबर त्याच्याच वयाचं एक पोर होतं, ते धावत वाड्यावर आलं तोवर उशीर झाला होता. आजोळी त्याचा एकही फोटो नाही. आजी त्यानंतर जिवंत असेपर्यंत त्या विहिरीचं पाणी प्यायली नाही. घरात दुसऱ्या विहिरीचा एक हंडा वेगळा भरलेला असे. आम्हाला वाटायचं सोवळ्याचा असेल.

२०१४ साली घरातल्या एका लग्नात दोन्ही मामा आणि त्यांचे सोबती ओसरीवर बसून विहिरीच्या आठवणी सांगत होते. कुणी कुठून सूर मारला, कोण किती वेळ दम धरायचा, आजकालची पोरं कशी मेणाची. सगळे हसत होते. आजी उठून आत गेली. मी मागोमाग गेले तर ती मेथी निवडत बसलेली. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशी तिथं मोठं माणूस एक नव्हतं गं. ज्याला त्याला वाटलं, कुणीतरी असंलच."

हे वाक्य मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. ज्या व्यवस्थेचं मी वर इतकं कौतुक केलं, पंधरा-वीस माणसांनी वाटून घेतलेलं काम वगैरे, तिच्यातली फट आजीनं एका वाक्यात दाखवली. सगळ्यांचं काम असलं की एखाद्या दुपारी ते कुणाचंच नसतं.

आणि त्या काळी ते नवीनही नव्हतं. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात. २०२३ साली हा आकडा २५वर आला आहे. म्हणजे पाच मुलं असलेल्या घरात एखादं गेलेलं असणं ही अगदी घरोघरची गोष्ट होती. गोवर, हगवण, धनुर्वात, साप, विहीर. लोक रडत आणि पुढं चालत. नशिबात नव्हतं म्हणत, आसरांनी नेलं म्हणत. आज "आम्ही नाही का वाचलो?" असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला त्या मधल्या मामाची आठवण येते. जे वाचले तेच ओसरीवर बसून गोष्टी सांगतात ना!

आणखी एक. बालपणीच्या स्वातंत्र्याचे लेख बहुधा पुरुष लिहितात, हे तुमच्या लक्षात आलंय का? आम्हा मुलींचं स्वातंत्र्य किती वर्षांचं होतं ते मोजा. मी आठव्या वर्षी पोहायला शिकले. बाराव्या वर्षी, "आता मोठी झालीस" म्हणून विहीर बंद. भाऊ पुढंही सूर मारत राहिला, मी कपडे घेऊन काठावर. आईला तेवढंही मिळालं नाही. तिच्या वाट्याला आठव्या वर्षी वातीचा स्टोव्ह, उकळतं आधण आणि विळी आली. धोका म्हणाल तर तोही होताच, फक्त त्याच्या आठवणी कुणी कौतुकानं काढत नाही. आणि घरातल्या, ओळखीतल्या माणसाकडून जे काही मुलींना, मुलांनाही सोसावं लागे त्याला तर तेव्हा नावसुद्धा नव्हतं. २०१२ साली पोक्सोचा कायदा आला तेव्हा कुठं ते बोलायला शब्द मिळाला. म्हणून "तेव्हा सगळं सुरक्षित होतं" या म्हणण्यावर मी तरी मान डोलावत नाही.

मुलगी पाण्यात उतरली तर काय होतं, याचं उदाहरण कलकत्त्याच्या आरती साहाचं. चार वर्षांची असताना काकांबरोबर गंगेच्या घाटावर अंघोळीला जायची, तिथंच पोहायला शिकली. २९ सप्टेंबर १९५९ला तिनं इंग्लिश खाडी पोहून पार केली, सोळा तास वीस मिनिटांत. असं करणारी ती आशियातली पहिली स्त्री. वय नुकतंच एकोणीस पूर्ण. महिन्याभरापूर्वीचा तिचा पहिला प्रयत्न फसला होता, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. तिच्या घरच्यांनी "पुरे आता" म्हटलं नाही.

बरं, आजच्या आया मुलांना जपतात त्या काय खुळ्या म्हणून? मला तसं मुळीच वाटत नाही. १९७१च्या सुमारास आपल्याकडे एका बाईला सरासरी पाचांहून अधिक मुलं होत. २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्राची सरासरी १.७ आहे. एक किंवा दोन मुलं, त्यांच्यावर सगळा जीव टांगलेला. रस्त्याचं म्हणाल तर २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. आमच्या गल्लीतून तेव्हा दिवसाला दोन बैलगाड्या आणि एक एस्टी जायची, आता पाचवीतल्या मुलाला सायकल देऊन चौकात पाठवायचं म्हणजे पोटात गोळा येतो. त्यात चावडी गेली, कोपऱ्यावरच्या दुकानाचं मॉल झालं, शेजारणीचं दार लोखंडी जाळीच्या आड. मुलाला काही झालं तर सगळ्यांची बोटं एकीकडे वळतात : "आईचं लक्ष कुठं होतं?" बापाचं कुठं होतं असं विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. मग आई काय करणार? ती मुलाला घरात ठेवते. घरात मोबाइल असतो. तो पडत नाही, बुडत नाही, आणि सासूबाईंनाही दिसतं की पोरगं समोरच बसलंय.

पण याची एक किंमत आहे, आणि ती थोडी उशिरा कळते. नॉर्वेतल्या एलेन सँडसेटर या बाईंनी लहान मुलांच्या धोक्याच्या खेळांचा अभ्यास केला आणि २००७ साली त्यांचे सहा प्रकार मांडले : उंचीचे, वेगाचे, धारदार अवजारांचे, पाणी-आगीसारख्या गोष्टींजवळचे, झोंबाझोंबीचे, आणि हरवण्या-लपण्याचे. वाचताना मला हसूच आलं. सूरपारंब्या, उतारावरची सायकल, कोयतीनं ऊस तोडणं, विहीर, कुस्ती आणि लपाछपी! आमचं सगळं बालपण त्या बाईंनी यादीत बसवलं होतं. मुलं असे खेळ खेळतात ते थोडी थोडी भीती चाखून तिच्याशी ओळख करून घ्यायला. ती ओळख व्हायला हवी असं आता बालरोगतज्ज्ञही म्हणू लागले आहेत. कॅनडातल्या त्यांच्या संघटनेनं २०२४ साली तसं पत्रकच काढलं. जिवावर बेतणारे धोके मोठ्यांनी काढून टाकावेत, आणि खरचटण्याचे, हात मोडण्याचे मुलांसाठी ठेवावेत, असा त्याचा थोडक्यात अर्थ. आबांनी ते वाचलं नव्हतं, पण मोटर बंद करून मग सूर मारू देत, तेव्हा ते हेच करत होते.

परत पाण्याकडे येते. मी सांगलीत एका शाळेत अर्धवेळ शिकवते. गेल्या जुलैत पाचवीच्या वर्गात विचारलं, "पोहता कुणाकुणाला येतं?" एकेचाळीस मुलांत सहा हात वर आले. त्यातले चार मुलगे. सहापैकी तिघं गावाकडे आजोबांकडून शिकलेली. बाकीच्यांना विचारलं, का नाही शिकलात? "आई नको म्हणते", "सर्दी होते", "क्लासची वेळ जुळत नाही". आता हे कुठल्या वाळवंटातलं गाव नाही हो! कृष्णा इथून हाकेच्या अंतरावर आहे. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं पुरातून बाहेर काढताना बोट उलटली. त्यात बायका आणि मुलं किती गेली ते सांगलीकरांना सांगायला नको. २०२१ला पुन्हा पूर आला. आपण मुलाला पाण्याकडे पाठवलं नाही म्हणून पाणी घराकडे यायचं थांबत नाही.

पुरात कुणी पोहून जाऊ शकतं असं मी म्हणत नाही. पट्टीचे पोहणारेही तिथं हरतात. पण पाण्यात पडल्यावर घाबरून हातपाय न झाडता तोंड वर ठेवून तरंगता येणं, दोर येईपर्यंत दम धरता येणं, यानं फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, त्यातली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं. त्यांचा सल्ला साधा आहे : अगदी लहान मुलांवर कुणीतरी नेमून लक्ष ठेवा, आणि शाळेत जाऊ लागलेल्या मुलांना पोहायला शिकवा. २०२१पासून २५ जुलै हा दिवसही त्यासाठी पाळतात.

'नेमून' हा शब्द मला आजीच्या वाक्याचं उत्तर वाटला. आणि ते खरोखर कसं करतात हे बांगलादेशात पाहायला मिळतं. तिथं घराभोवती तळीच तळी, बुडणाऱ्या मुलांची संख्या फार. आई स्वयंपाकात, शेतात असते ती सकाळची वेळ सगळ्यात वाईट. म्हणून गावागावांत 'आंचल' नावाची पाळणाघरं काढली. गावातलीच एक बाई सकाळच्या वेळात लहान मुलं सांभाळते. कुणीतरी असेल असं नाही, तीच असते! आणि मोठ्या मुलांसाठी 'स्विमसेफ'. गावच्या तळ्यातच बांबूचा मांडव बांधतात, त्यात उभं राहण्याइतकी खोली, आणि गावातलीच शिकवलेली तरुण मुलंमुली पोरांना पोहायला शिकवतात. निळ्या टाइल्सचा तलाव नाही, चष्मे नाहीत. आबांच्या विहिरीचीच ही बहीण, फक्त पायरीवरच्या माणसाचं नाव पक्कं केलेलं.

आमच्या कॉलनीत आम्ही जे केलं ते याहून कितीतरी लहान आहे, तरी सांगते. गेल्या एप्रिलात सहा जणींनी मिळून नऊ मुलांना एका तलावावर घातलं. घालण्याआधी तीन गोष्टी बघितल्या : जीवरक्षक खरोखर हजर असतो की फक्त पाटीवर, उथळ भाग दोरीनं वेगळा केला आहे का, आणि एका शिक्षकाकडे किती मुलं. पहिल्या ठिकाणी एका सरांकडे अठ्ठावीस मुलं पाहून परत फिरलो. दुसऱ्या ठिकाणी फी जास्त पडली, पण तिथं आठ होती. शिवाय रोज दोन आया काठावर, वार ठरवून. वार ज्यांचा त्यांचा मोबाइल पिशवीत, पिशवी लांब बाकावर. याला आधी जरा नाकं मुरडली गेली. "एवढे सर आहेत की!" पण बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. तोंड पाण्याखाली वर होतं, हात पाण्यावर दाबले जातात, आवाज निघतच नाही. वीस सेकंदांनी मान वर केली तरी उशीर होऊ शकतो. हे सगळ्यांना सांगितल्यावर मुरडलेली नाकं सरळ झाली.

एकवीस दिवसांत नऊपैकी सात मुलं आडवा तलाव पोहू लागली. एक नुसती तरंगते. एक अजून पायरी सोडत नाही, आणि त्याची आई आता पूर्वीसारखी त्याच्यावर चिडत नाही.

ज्यांच्या जवळपास तलाव नाही त्यांनाही घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. घरात रांगतं मूल असेल तर रात्री बादल्या पालथ्या घाला. वीतभर पाणीही त्या वयाला पुरतं. टाकीचं, पिंपाचं झाकण मुलाला उघडता येणार नाही असं हवं. सुट्टीत गावी गेलात की पहिल्या दिवशीच विहिरीचा कठडा, मोटरीच्या वायरी स्वतः पाहून या. आणि मुलांना, तसंच कपडे धुवायला जाणाऱ्या बायकांना हे तोंडपाठ करायला लावा : कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारायची नाही. दर उन्हाळ्यात एकाला वाचवायला दुसरी, दुसरीला वाचवायला तिसरी अशा बातम्या आपण वाचतोच. काठावर पालथं झोपून साडी, ओढणी, काठी पुढं करायची, किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकायचा. तो माणसाला तोलून धरतो. ओरडून माणसं गोळा करायची, ११२ किंवा १०८ला फोन लावायचा. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायचं नाही, उलटं टांगायचं नाही, त्यानं पोटातलं उलटून फुप्फुसात जातं. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा आणि छाती दाबत राहायची. हे शिकवणारे वर्ग असतात, एक दिवसाचं काम आहे. आमच्या नऊ मुलांच्या आयांपैकी चौघींनी ते केलं. दोघांच्या बाबांनी पण केलं, हे मुद्दाम लिहिते.

यंदाच्या तुकडीत अकरा नावं आली आहेत, मुली सहा. वेळ सकाळी सात ते आठ. मुलींना बाराव्या वर्षानंतर चालू ठेवायचं की नाही यावर एका घरात अजून चर्चा चालू आहे. सासूबाईंचं म्हणणं, आता मोठी झाली. सूनबाईंनी काठावरच्या वारांच्या यादीत सासूबाईंचं नाव मंगळवारी घालून टाकलंय. पहिल्या मंगळवारी त्या आल्या, चष्मा पुसून बसल्या, आणि नात पाण्याखाली गेली की वर येईपर्यंत मोठ्यानं आकडे मोजत होत्या.